म्हशीसाठी आईने मायक्रोफायनान्सचं कर्ज घ्यावं का? गावात बचत गट आहे, पण बंद पडलाय

बालाघाटची_लेक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका कंपनीत नोकरीला आहे. घर भूम तालुक्यातल्या (जि. धाराशिव) एका लहान गावात. घरी आई, आजी आणि बारावीतला भाऊ. वडील वारले. दोन एकर कोरडवाहू रान, त्यात सोयाबीन आणि ज्वारी. एरवी आई मजुरीला जाते. एक म्हैस आहे, तिचं दूध खव्याच्या भट्टीवर घालते. आमच्याकडे भट्ट्या पुष्कळ, त्यामुळे दुधाला गिऱ्हाईक कमी पडत नाही.

गावात एक फायनान्स कंपनी दर महिन्याला बायकांची मीटिंग घेते. दुसरी म्हैस घ्यायला ते आईला ६०,००० द्यायला तयार आहेत. हप्ता महिन्याला ३,१००, असे २४ हप्ते. येणारा मुलगा म्हणतो, व्याज शेकडा एक रुपया, म्हणजे वर्षाला फक्त बारा टक्के. तारण नाही, आधार कार्ड आणि फोटोवर काम होतं. प्रोसेसिंग आणि विम्याचे मिळून १,८०० आधीच कापून घेणार. पाचजणींचा गट करायचा, एकीने नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं.

दुसरीकडे गावात जुना बचत गट आहे. आई त्यात आहे, एकूण अकरा बायका, महिना १०० रुपये बचत. पण वर्षभर बैठक झालेली नाही. सचिव काकू मुलाकडे लातूरला गेल्या आणि सगळं थांबलं. बँकेत गटाचे ४२,००० पडून आहेत.

आईला म्हैस घ्यायचीच आहे आणि तिचं म्हणणं मला पटतं, मजुरी किती वर्षं करणार? पण आमच्या आळीत तिघीजणी अशा हप्त्यांपायी कानातलं मोडून बसल्या आहेत. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेला याच कामासाठी नोबेल मिळालं असं कॉलेजात शिकले. मग आमच्याकडे उलटं का दिसतंय? कुणी प्रत्यक्ष हे काम केलं असेल तर सांगा.

हिशोबवही

ताई, प्रश्न फार नीट मांडलात, आकड्यांसकट. म्हणून उत्तरही आकड्यांनीच देते. मी सोलापूर जिल्ह्यात बरीच वर्षं सहयोगिनी (बचत गटांना मदत करणारी कार्यकर्ती) होते, गावोगावच्या गटांच्या वह्या लिहिल्या आणि तपासल्या. माझं बोलणं त्यातूनच आलेलं आहे.

आधी व्याज. ३,१०० गुणिले २४ म्हणजे ७४,४००. मुद्दल ६०,०००, व्याज १४,४००. महिन्याला ६०० पडतं, म्हणून मुलगा म्हणतो शेकडा एक. पण आईकडे ६०,००० फक्त पहिला महिनाभर असतात. दर हप्त्याला मुद्दल उतरतं, वर्षभराने निम्म्याच्या आसपास उरतं, आणि व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण साठ हजारांवर लावलेलं असतं. उतरत्या शिलकीवर हिशोब मांडला तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. आणि १,८०० आधीच कापले म्हणजे हातात ५८,२०० च आले. ते धरले तर जवळपास २५ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कंपनीने हा खरा वार्षिक दर, सगळे आकार धरून, एका कागदावर कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहून द्यायला हवा. आईला सांगा, तोंडी काही ऐकायचं नाही, तो कागद मागायचा. मराठीतच मागायचा.

पण माझा मुख्य मुद्दा व्याज नाही. गटातसुद्धा बाया एकमेकींना शेकडा दोनने कर्ज देतात, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, आणि कुणाचं घर त्याने बुडत नाही. ते व्याज गटातच राहतं, वाटणीला त्यांच्याच पदरात पडतं. मुद्दा म्हैस आणि हप्ता यांचं वेळापत्रक जुळतं का, हा आहे.

आता म्हशीचा हिशोब मांडू. आईला विचारून आकडे बदला, माझे आकडे आमच्या भागातले आहेत. साठ हजारात फार मोठी मुऱ्हा येत नाही, पंढरपुरी किंवा गावरान, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची येईल. वेतभर सरासरी सहा लिटर धरा. लिटरला ५० रुपये मिळाले तर दिवसाला ३००. सरकी पेंड रोज चार किलो, तिचेच १४० जातात. कडबा घरचा असला तरी हिरवा चारा, मीठ, औषधपाणी मिळून ६० धरा. उरले दिवसाला १००, महिन्याला ३,०००. हप्ता ३,१००. म्हणजे म्हैस ऐन दुधात असतानाही हप्त्याला शंभर कमी पडतात, आणि यात आईच्या कष्टाचा एक रुपया धरलेला नाही.

पुढे ती आटते. चोवीस महिन्यांत सोळा-सतरा महिने दूध असेल, बाकी भाकड. त्या काळात पेंड कमी केली तरी गाभण जनावराला उपाशी ठेवता येत नाही, महिन्याला दोन-अडीच हजार जातातच. सोळा महिन्यांचे ४८,००० आले, आठ महिन्यांचे २०,००० गेले, शिल्लक २८,०००. हप्ते भरायचे ७४,४००. वरचे ४६,००० कुठून येणार? मजुरीतून. नाहीतर दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. तुमच्या आळीतल्या तिघींचं कानातलं इथेच गेलं असणार.

दोन वर्षांनी गोठ्यात म्हैस आणि एखादी रेडी उरते, ती मिळकत खरीच. म्हणून म्हैस घेऊ नका असं मी म्हणत नाही. पैसा असा पाहिजे की भाकड महिन्यात हप्ता हलका होईल किंवा थांबेल. कंपनीच्या संगणकाला म्हैस आटलेली कळत नाही. गटातल्या बायकांना कळते, कारण त्यांच्याही दावणीला म्हैस असते.

एक प्रसंग सांगते. आमच्या एका गटात एका बाईची म्हैस व्यायला दोन महिने बाकी होते. बैठकीत ती खाली मान घालून बसली होती. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, "लिहा ताई, दोन महिने नुसतं व्याज, मुद्दल व्यायल्यावर." मी इतिवृत्तात तसा ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हतं त्यांनी अंगठे दिले. पाच मिनिटांत काम झालं. त्याच गावात दुसऱ्या ओट्यावर एका कंपनीची मीटिंग चालायची. एक बाई आली नव्हती, तर साहेब उठायला तयार नाहीत. बाकीच्या चौघींनी कुणी दळणाच्या डब्यातले, कुणी पोराच्या फीचे असे गोळा करून तिचा हप्ता भरला आणि मग तिच्या दारात जाऊन भांडण केलं. त्या पाचजणी पुढे हळदीकुंकवालाही एकमेकींकडे गेल्या नाहीत. बायकांचा एकमेकींवरचा विश्वास हेच त्यांचं भांडवल असतं, आणि कंपनीने तेच वसुलीला लावलं. याचा मला आजही संताप येतो.

नोबेलचं विचारलंत. ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात सुरुवात केली, ४२ जणांना मिळून ८५६ टका (तिथलं चलन). त्यांत बांबूचे मोडे (बसायची स्टुलं) विणणाऱ्या बायका होत्या. बांबू व्यापाऱ्याकडून उधार घ्यायचा आणि मोडे त्यालाच तो म्हणेल त्या भावाने द्यायचे, असा फास होता. चार पैसे हातात येताच फास सुटला, कारण मोडा विणला की लगेच विकला जातो. रोजचा माल आणि रोजचा पैसा. पुढे जगभर कर्ज तेवढं उचललं गेलं, पण कोणत्या धंद्याला कोणता हप्ता झेपतो हा विचार बऱ्याच ठिकाणी मागे राहिला. हैदराबादेत २००५ नंतर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १०४ वस्त्यांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या वस्त्यांत मायक्रोफायनान्सची शाखा आधी उघडली होती. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांनी तो वाढवला. पण सरासरी घरखर्च वाढला नाही, आणि घरात बाईच्या शब्दाला वजन आलं असंही दिसलं नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं याच्याशी जुळतं. कर्जाने धंदा मोठा होतो. बाईला बळ येतं ते बैठकीने, हिशोब समजण्याने, बँकेत मॅनेजरसमोर खुर्चीवर बसून बोलण्याने.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तो ४२,००० चा गट आधी जागा करा.

शाखेतला_माणूस

वरच्या ताईंशी सहमत. राष्ट्रीयीकृत बँकेत ग्रामीण शाखेत नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून बँकेच्या बाजूचं सांगतो.

बचत गटांना थेट बँकेशी जोडायचं काम नाबार्डने (शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक) १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केलं. आता ग्रामीण भागात हे राज्याच्या 'उमेद' या ग्रामीण उपजीविका अभियानातून चालतं. तुमच्या गटाने पंचसूत्री पाळली पाहिजे, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशोब. नवा गट सहा महिने नीट चालला पाहिजे असा नियम आहे. पण बंद पडलेला गट पुन्हा सुरू केला तर तीन महिने चालवून दाखवला तरी कर्जाला पात्र होतो. हे शाखेतल्या नव्या मुलांना कधीकधी माहीत नसतं, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचा हवाला देऊन बोला.

पहिल्या कर्जाची रक्कम गटाच्या निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातली जी जास्त असेल ती. तुमच्या ४२,००० वर अडीच लाखांपर्यंत जाईल. तीन लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. दहा लाखांपर्यंत तारण नाही. गटाने ते आईला शेकडा एकने, पण उतरत्या शिलकीवर, ३६ महिन्यांसाठी दिलं तर ६०,००० चा हप्ता साधारण २,००० येतो. वरचा फरक गटाच्या निधीत जमा.

शाखेत जाताना अध्यक्ष, सचिव दोघींनी जावं. ठरावाची प्रत, बचतीची वही, पासबुक बरोबर. एका हेलपाट्यात काम होत नाही, हे खरं आहे. बचत गटांच्या कर्जाची परतफेड मी नोकरीत पाहिली तेवढी चोख क्वचितच कुणाची पाहिली, तरी त्यांना बसायला सांगायचा आमच्याकडे कंटाळा असायचा. ग्रामसंघाच्या (गावातल्या गटांच्या संघाच्या) ताई किंवा सीआरपी ताई (गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) सोबत असल्या की फरक पडतो.

मसालेवाली

मी जरा वेगळं सांगते. इचलकरंजीत राहते. नवरा यंत्रमागावर होता, माग बंद पडले तेव्हा घरात दोन लहान मुली. बँकेत गेले तर आधी तीन वर्षांचे रिटर्न मागितले. बचत गटात नवीन होते, तिथे माझ्या नावावर फार तर पाच हजार मिळाले असते. तेव्हा मायक्रोफायनान्सवाल्यांनी आठ दिवसांत ३०,००० दिले. त्यात घरचे थोडे घालून सेकंडहँड डंकी (मिरची-मसाला कांडायचं यंत्र) घेतली.

मार्च ते मे मिरची कांडपाची रांग लागते. कोल्हापुरी चटणी करून द्यायची, किलोवर मजुरी, पैसे रोखीने त्याच दिवशी. बाकीच्या महिन्यांत हळद, धने, शिकेकाई. उन्हाळ्यातच पावसाळ्याचे हप्ते बाजूला काढून डब्यात ठेवले. कर्ज फिटलं, दुसरं घेतलं, तेही फिटलं. व्याज जास्त आहे हे मला माहीत होतं. पण सावकार आठवड्याला शंभरावर पाच घेत होता, त्याच्यापुढे हे परवडलं.

तेव्हा सगळ्याच कंपन्यांना वाईट म्हणू नका एवढंच. ज्या बाईच्या हातात रोज पैसा येतो, चहाची गाडी, भाजी, डंकी, मेस, तिला हे कर्ज उभं करू शकतं. म्हशीचं मला कळत नाही. आमच्या गल्लीत साडीसाठी, बारशासाठी, भावाच्या लग्नासाठी ज्यांनी घेतलं त्या मात्र अजून फेडतायत.

हिशोबवही

मसालेवाली ताई, तुमचं अगदी खरं आहे आणि ते इथे लिहिलंत हे फार बरं केलंत. उन्हाळ्यात पावसाळ्याचे हप्ते काढून ठेवले, हे तुमचं तुम्ही शोधून काढलंत. ते प्रत्येक गटात शिकवायला हवं.

बालाघाटची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला फोन करून म्हशीचा हिशोब मांडला. तिचे आकडे: दूध साडेपाच लिटर, भट्टीचा भाव ४८, पेंड चार नाही, तीनच किलो. ती म्हणाली, "भाकड म्हशीचं त्या पोराने काही विचारलंच नाही." आता कंपनीचं कर्ज घेणार नाही, हे तिनेच ठरवलं.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. आमच्या शेजारच्या काकूंवर चार कंपन्यांची कर्जं आहेत. महिन्याचे हप्ते ९,००० च्या वर जातात. वसुलीवाले संध्याकाळी सात-आठला ओट्यावर येऊन बसतात, परवा तर सकाळी साडेसहाला आले. काकू दार लावून घेतात. गावात कुणीतरी सांगतंय की माफी होणार आहे, भरू नका. आणि दुसरं, गटाची जुनी वही सापडत नाहीये. लातूरच्या काकू म्हणतात इथेच कुठेतरी होती. वही नसेल तर बँक दारात तरी उभं करेल का?

हिशोबवही

आधी काकूंचं, कारण ते जास्त तातडीचं आहे.

रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वसुली ठरलेल्या ठिकाणी व्हायची, ते ठिकाण दोघांनी मिळून ठरवायचं. त्या ठिकाणी बाई लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी यायची मुभा आहे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोनसुद्धा करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास, हे सगळं बंद. आणि मोठा नियम हा की घरावरच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. काकूंच्या घरात महिन्याला १८,००० येत नसतील, तर शेवटचं कर्ज देणाऱ्या कंपनीने त्यांचं उत्पन्न काय लिहिलं, हे विचारा. बहुतेक वेळा तिथे आकडा फुगवलेला असतो आणि खाली बाईची सही असते, तिला न वाचता घेतलेली.

हे नियम आले त्यामागे माणसं गेलेली आहेत. आंध्रात २०१० साली वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या, तिथल्या सरकारने ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला, मग रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती बसली. तेव्हा एका बाईला एका वेळी कितीतरी कंपन्या कर्ज देत होत्या. तुमच्या काकूंचं चित्र तेच आहे.

काय करायचं? काकूंना एका कागदावर चारही कर्जं लिहायला लावा: कंपनी, बाकी मुद्दल, हप्ता, तारीख. प्रत्येक कंपनीकडे लेखी अर्ज द्या की हप्ता लहान करून मुदत वाढवा, आणि अर्जाची पोच घ्या. कोण माणूस किती वाजता आला तेही तारीखवार लिहून ठेवा, जमलं तर फोटो. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची, त्याचं नाव-नंबर कर्जाच्या कार्डावर असतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांचा नंबर १४४४८, तक्रारीला पैसे लागत नाहीत. अंगावर धावून आले तर थेट पोलीस ठाणं.

आणि माफीच्या अफवेवर कृपा करून विसंबू नका. असं सांगणारे लोक मी अनेक गावांत पाहिले. काही जण वर नोंदणीचे म्हणून बायकांकडून दोनशे-पाचशे गोळा करून गेले. हप्ता थांबला की क्रेडिट ब्युरोत (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत) काकूंचं नाव खराब होतं आणि उद्या त्यांना गटातून बँकेचं कर्ज मिळायची वाटही अडते. थोडे का होईना, भरत राहायचं आणि पावती घ्यायची.

काकू तुमच्या गटात नसतील तर त्यांना घ्या. अकराच्या बारा करा. कर्ज देण्यासाठी म्हणत नाही, ते लगेच देऊही नका. दर महिन्याला त्या चौघीजणींत येऊन बसल्या तरी दार लावून घ्यायचं थांबेल.

आता वही. वही हरवणं हे नेहमीचं आहे, घाबरू नका. बँकेतून गटाच्या खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा काढा. भरणा किती आणि कधी, हे त्यात मिळेल. सभासदांकडे वैयक्तिक पासबुकं असतील ती गोळा करा. मग एक बैठक बोलावून प्रत्येकीची बचत किती, कुणाकडे कर्ज बाकी किती, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. एखादी म्हणेल माझे चारशे जास्त आहेत, तर तिथेच मिटवा, मागाहून मिटत नाही. ठरलेले आकडे नव्या वहीत आरंभीची शिल्लक म्हणून लिहा आणि त्याखाली अकराही जणींच्या सह्या घ्या. त्याच बैठकीत सचिव बदलल्याचा ठराव करा, कारण तो बँकेला दिल्याशिवाय लातूरच्या काकूंच्या सहीवाचून पैसे निघणार नाहीत. छापील वह्यांचा संच उमेदच्या तालुका कक्षात विचारा, नसेल तर साधी शंभर पानी वही चालते, रेघा हाताने मारा.

सचिव म्हणून आईचं नाव सुचवा. पेंड चार नाही, तीन किलो, हे ज्या बाईला फोनवर पाठ सांगता येतं तिला वही जमेल. लिहायचं अडलं तर भाऊ बारावीत आहेच, पण वाचून दाखवायचं काम आईनेच करायचं.

बालाघाटची_लेक

दिवाळीत चार दिवस सुट्टी आहे. बैठक तेव्हाच ठेवायला सांगते, म्हणजे मलाही बसता येईल. उतारा काढायला आई आणि अध्यक्षबाई सोमवारी बँकेत जातायत.